अडकण्याचे दोन प्रकार

१४ मे २००५, शनिवार, सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटे. चोआ चू कांगपलीकडच्या नेमबाजीच्या रेंजवर माझे पिस्तूल त्या सकाळी तिसऱ्यांदा अडकले. मी चापावरचे बोट बाजूला घेतले, नळी लक्ष्याच्या दिशेनेच ठेवली आणि डावा हात वर केला.

क्लबचे प्रशिक्षक सावकाश चालत आले. सैन्यातून निवृत्त झालेले हे गृहस्थ पिस्तुलाच्या प्रत्येक दुखण्याचे मूळ नेमबाजाच्या मनगटात शोधत.

"सेम थिंग अगेन, गर्ल. रिस्ट टू सॉफ्ट, लाह," इथल्या इंग्रजीतला 'लाह'चा ठेका शेवटी जोडत ते म्हणाले.

त्यांच्या म्हणण्याला आधार होता. गोळी सुटली की तिच्या धक्क्याने पिस्तुलाची स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, मागे जाते, रिकामी पुंगळी बाहेर फेकते आणि परत येताना नवे काडतूस आत ढकलते. हात ढिला पडला, तर धक्क्याचा काही भाग मनगटातच जिरतो आणि स्लाइडचा प्रवास अपुरा राहतो. पुढच्या शनिवारी क्लबच्या संघाची निवड होती. तोवर हे थांबले नाही, तर नाइन एम.एम.मधून माझे नाव काढून पॉइंट टू-टूमध्ये घालू, असे त्यांनी सांगून टाकले. पॉइंट टू-टू हे हलके, शिकाऊंचे पिस्तूल. दीड वर्षापूर्वी मी ते मागे टाकले होते आणि त्याच्याकडे परतण्याची माझी मुळीच तयारी नव्हती.

माझा संशय काडतुसांवर होता. ती क्लबमध्येच, हाताने भरलेली असत. इथल्या नियमाप्रमाणे एकही काडतूस रेंजबाहेर जात नाही. जितकी मिळाली तितक्या पुंगळ्या मोजून परत द्याव्या लागतात. त्याच पुंगळ्या क्लबच्या परवानाधारक खोलीत पुन्हा भरल्या जात. भरणारे काका मराठीच. आठवडाभर बँकेत, शनिवारी या खोलीत. कामाआधी घड्याळ काढून ठेवायचे आणि काम संपल्यावर कोपरापर्यंत हात धुऊन मगच चकलीचा डबा उघडायचे.

"काका, तुमच्या काडतुसांबद्दल जरा शंका आहे."

"माझ्या? अगं, अख्खा क्लब माझ्या हातचं खातो. तुझ्याच पिस्तुलाला पचत नाही होय?"

"बाकीच्यांची पिस्तुलं जुनी आहेत. माझं नवं आहे."

"म्हणजे सून नवी, आणि खोट सासूच्या स्वयंपाकात!"

मी हसले, पण मुद्दा सोडला नाही. तुआसमधल्या कारखान्यात नखाएवढे धातूचे भाग तपासणे हे माझे काम होते. तिथे कुणी नुसते 'सदोष' लिहिले, तर आमच्या साहेबीणबाई कागद परत पाठवत: दोष कोणता? इथे मात्र आम्ही सगळेच 'अडकले' एवढेच म्हणत होतो. म्हणून रेंज ऑफिसरच्या परवानगीने मी एक शिस्त लावून घेतली. पिस्तूल अडकले की ते मोकळे करण्याआधी, आत नेमके काय झाले आहे ते पाहायचे.

दुपारपर्यंत दोन प्रकार स्पष्ट झाले. पहिल्यात नवे काडतूस जवळजवळ पूर्ण आत जाई, पण स्लाइड नखाच्या जाडीइतकी उघडी राही. दुसऱ्यात रिकामी पुंगळी बाहेर पडण्याऐवजी स्लाइडच्या फटीत उभी सापडे.

मग मी प्रशिक्षकांना विनंती केली की, माझ्याच पिस्तुलातून, याच काडतुसांनी त्यांनी स्वतः झाडून पाहावे. काडतुसांचे दुसरे मॅगझीन झाडतानाच त्यांनी हात वर केला. स्लाइड नखभर उघडी.

"सर, रिस्ट टू सॉफ्ट?" रेंज ऑफिसरने गंभीर चेहऱ्याने विचारले.

"शट अप, लाह."

त्यांच्या हातात पहिला प्रकार आणखी दोनदा घडला. दुसरा एकदाही नाही. नंतर मी विकतची तयार काडतुसे झाडली. पहिला प्रकार नाहीसा झाला, दुसरा राहिला. निष्कर्ष मला पूर्णपणे सोयीचा नव्हता. पहिला दोष काडतुसांचा होता आणि दुसरा माझा.

काकांनी हे ऐकून घेतले आणि टेबलाच्या खणातून एक सुटी नळी काढली. "प्रत्येक घाण्यातली काडतुसं मी हिच्यात टाकून बघतो. बघ." काडतूस टक् आवाज करत आत बसले आणि नळी उलटी करताच आपसूक बाहेर आले. मी रेंज ऑफिसरसमोर माझ्या पिस्तुलाची नळी सुटी करून तीच काडतुसे तिच्यात टाकली. काही नीट बसली. काही मात्र किंचित वर राहिली आणि नखांनी ओढून काढावी लागली.

गोळी बसवण्यापूर्वी पुंगळीचे तोंड थोडे फाकवतात आणि शेवटी पुन्हा दाबून घेतात. परत आलेल्या पुंगळ्यांत आखूडही असत. त्यांच्यापर्यंत तो दाब पुरेसा पोहोचत नव्हता, म्हणून त्यांचे तोंड किंचित फाकलेलेच राही आणि माझ्या नव्या, घट्ट नळीत अडे. काकांची नळी होती एका बाद पिस्तुलाची, वर्षानुवर्षांच्या वापराने झिजलेली. ती सगळ्यांनाच पास करत होती.

"काका, काडतुसं ही तपासते. हिला कोण तपासतं?"

काकांनी नळी उजेडात धरून बराच वेळ आत पाहिले. "बँकेत असं कुणी केलं असतं तर मी त्याला सोलून काढला असता," ते म्हणाले. "हा सगळा माल मागे घेतो. कमिटीला मीच सांगतो, तू मध्ये पडू नकोस. आणि तुझी ती नळी शनिवारी सकाळी लवकर या खोलीत घेऊन ये."

दुसऱ्या दोषावर उपाय मला स्वतःवर करायचा होता. प्रशिक्षकांनी माझी पकड वर सरकवली आणि कोपर ताठ केले. तोआ पायोहच्या फ्लॅटमध्ये मी रोज पाण्याची भरलेली बाटली हात लांब करून धरून उभी राहू लागले.

"पाणी देतेयस की नुसतं दाखवतेयस?" सोबत राहणारी मैत्रीण जेवता जेवता विचारायची.

निवडीच्या सकाळी काकांनी आखूड पुंगळ्या वेगळ्या काढून भरलेली काडतुसे एकेक करून माझ्या नळीत टाकली. सगळी बसली, सगळी आपसूक बाहेर आली. माझी चाचणी साठ फैरींची होती. स्लाइड दरवेळी पूर्ण मिटत होती. चाळिसाव्या फैरीनंतर कधीतरी एक रिकामी पुंगळी फटीत उभी राहिली. मी ती झटकली, पकड पुन्हा घेतली आणि उरलेल्या फैरी सलग पूर्ण केल्या.

"दॅट वन स्टिल द रिस्ट, लाह," प्रशिक्षक म्हणाले.

"येस, सर. दॅट वन इज माइन."

त्यांनी नाइन एम.एम.च्या यादीत चौथे आणि शेवटचे नाव माझे लिहिले. मी बाकावर बसून माझी नोंद पूर्ण केली. फैरी साठ. पहिला प्रकार: शून्य. दुसरा प्रकार: एक.