बर्फावरच्या चाळण्या

माझ्या थोरल्या जाऊबाई, सायखेड्याच्या अक्का, कुणाच्याही घरी गेल्या की पाण्याचा पेला हातात घेण्याआधी खोट काढत. माझ्या गंगापूर रोडच्या फ्लॅटमध्ये पहिल्यांदा आल्या तेव्हा सगळं घर फिरून म्हणाल्या, "खुराडं चांगलं हे, फक्त कोंबड्या लय शिकलेल्या." मी तीस वर्षं हे ऐकलं. माझी पोळी, माझी नोकरी, माझं सकाळचं फिरणं, काही म्हणता काही सुटलं नाही.

पण सगळ्यात जास्त सोसलं ते त्यांच्या नवऱ्यानं. दादा फौजेत होते, काश्मीरला. सुट्टीवर आले की सांगत, तिकडे बर्फात माणूस मांडीपर्यंत रुततो, म्हणून आम्ही पायांना जाळीच्या रुंद पाट्या बांधून चालायचो. अक्का भरल्या ओट्यावर म्हणायच्या, "पायाला चाळणी बांधून कोन चालतं का? भटारखान्यात असतील हे." गाव हसायचं. दादांना 'चाळणी फौजी' हे नाव पडलं आणि ते मरेपर्यंत टिकलं. मीही हसले आहे, खोटं कशाला सांगू.

दादा गेल्यावर तीन वर्षांनी आमचा फिरायचा ग्रुप मनालीला निघाला. खोलीत जोडीदार हवा म्हणून मी अक्कांना नेलं, प्रेमानं नव्हे. तिथे आमच्या बायका भाड्याचे केसाळ कोट घालून माणसांनी ओढायच्या घसरगाड्यांवर बसल्या. अक्कांनी त्यांच्याकडे बघून नाक मुरडलं. "हातपाय धड असून मानसाला बैल करता व्हय?"

मग बूट भाड्यानं देणाऱ्यानं रुंद, चपट्या, जाळीच्या पाट्यांचा एक जोड पुढे केला. हे बुटाला बांधायचं आणि चालायचं. शिकायचं काही नाही, ज्याला चालता येतं त्याला हे येतं, असं तो म्हणाला.  अक्कांनी तो पायांना बांधून घेतला.

मी तिसऱ्या पावलाला स्वतःच्याच पाटीवर पाय देऊन तोंडावर आपटले. अक्का मात्र पाणी भरलेल्या वाफ्यातून चालावं तशा, पाय फाकवून, उचलून टाकत, देवदारापर्यंत गेल्या. तिथे थांबून त्यांनी एका पायाची पाटी सोडली आणि पाय खाली टेकवला. तो गुडघ्यापर्यंत आत गेला.  मी जवळ गेल्यावर अक्का म्हणाल्या, "खरं बोलत व्हता गं मानूस. मी त्याला जन्मभर खोट्यात काढलं." मी त्यांचा फोटो काढला.

परतल्यावर भावकीतल्या हळदीला अक्कांनी चारचौघींत सगळं सांगितलं. दादा खरं बोलत होते, मी स्वतः चालून आले, म्हणाल्या. बायका फिस्सकन हसल्या. "आता हिला पन चाळणी लागली." अक्का माझ्याकडे वळल्या. "सांग ना, सुमन."

फोटो माझ्या फोनमध्ये होता आणि फोन पर्समध्ये. पण तीस वर्षांनी पहिल्यांदा अक्का माझ्या तोंडाकडे बघत होत्या, आणि मला ते फार गोड लागलं. मी म्हणाले, "अक्कांना तिकडची थंडी बाधली होती." केवढ्या हसल्या सगळ्या.  अक्का पदर सारखा करून आत गेल्या. मी किती कोत्या मनाची बाई आहे हे मला तेव्हाच कळलं होतं, तरी मी बसून जेवले. पुढे फोनवर माफी मागायचं रोज ठरवत होते.

या थंडीत त्या गेल्या. दहाव्याला मी त्याच बायकांना फोटो दाखवला आणि काय घडलं ते सांगितलं. फोटोत कानटोपी, काळा चष्मा, तोंडाला मफलर, चेहरा कुठेच नाही. चुलत सासूबाईंनी तो उलटसुलट करून पाहिला आणि फोन माझ्या हातात परत ठेवला.

"आसू दे, बाई," त्या म्हणाल्या, "मेलेल्या मानसाबद्दल चांगलंच बोलावं."