तिसरी खेप

सुनंदाताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी विभागात मुलांना नमुना निवड शिकवत होते. फोन त्यांच्या भाचीचा, पुण्याहून. बडोद्यातल्या घरी झोपेतच गेल्या, म्हणाली. पुढचा तास मी कसा संपवला, आठवत नाही... महिना झाला. शोकसभेत पुष्कळ जण बोलले, त्यांनी बडोद्यातल्या आमच्या दोन पिढ्यांना मानसशास्त्र शिकवलं म्हणाले. मी बोलले नाही. माझ्याजवळ जे होतं ते चारचौघांत सांगण्यासारखं नव्हतं.

पंचवीस वर्षांपूर्वी मी त्यांच्या हाताखाली प्रबंध करत होते. विषय म्हातारपणातला एकटेपणा. निजामपुऱ्यातल्या म्हाताऱ्या माणसांच्या घरांची यादी केली, प्रत्येक घराची एक चिठ्ठी ताईंच्या पोह्यांच्या डब्यात टाकली, डबा खळखळून हलवला आणि डोळे मिटून चाळीस चिठ्ठ्या उचलल्या. माणसं आपण निवडायची नाहीत, हा त्यांचा धर्मच होता. आपण निवडली की आपल्याला आवडणारीच येतात, असं त्या म्हणायच्या. मी उन्हातान्हात फिरले. नऊ दारं बंद मिळाली. मग बरेच जण करतात तेच मी केलं. शेजारचं उघडं दार गाठलं आणि तिथल्या आजीआजोबांकडून फॉर्म भरून घेतला. एकटं वाटतं असं त्यांतल्या एकानेही लिहिलं नाही. ताईंनी गठ्ठा यादीशी ताडून चाळला आणि शांतपणे विचारलं, "या नऊ जणांनी तुला चहा दिला का गं?"

दिला होता. दोघांनी तर बळेबळे जेवायलाही बसवलं होतं.

"एकटा माणूस शोधायला निघालीस आणि उघडं दार बघून आत शिरलीस. अगं, आपला माणूस त्या बंद दारामागेच आहे. तीन खेपा घालायच्या. आणि दार वाजवून थांबायचं, म्हाताऱ्या माणसाला उठायला वेळ लागतो."

मी चरफडत गेले. एका दारी तिसऱ्या खेपेला आतून पावलं घासत येण्याचा आवाज आला. रेल्वेतून निवृत्त झालेले एक काका होते. "पाछा आव्या, बेन?" परत आलात, एवढंच म्हणाले आणि मग दोन तास बोलत राहिले. बंद दारांमागच्या त्या फॉर्मांनी माझा निष्कर्ष उलटापालटा करून टाकला.

निवृत्तीनंतर ताई दांडिया बाजारात दुसऱ्या मजल्यावर एकट्या राहायच्या. सुरुवातीला मी दर गुरुवारी जायची. मग महिन्यातून एकदा, मग दिवाळी-पाडव्याला. त्या चिडवायच्या, आता मी तुझ्या सोयीच्या नमुन्यात बसत नाही हो. मी हसायची.

त्या गेल्या त्याच्या चार दिवस आधी बाजारात काम होतं म्हणून मी जिना चढले. दार वाजवलं. उत्तर नाही. डभोईला बहिणीकडे गेल्या असतील, असं माझं मीच ठरवलं आणि उतरले. फोनही केला नाही. रविवारी येऊ, म्हटलं.

तेराव्याला शेजारच्या जशोदाबेननी मला बाजूला घेतलं. त्या दिवशी ताई घरातच होत्या. गुडघे धरून, भिंतीच्या आधाराने दारापर्यंत पोचल्या, तोवर मी गेले होते. खिडकीतून त्यांना माझी स्कूटर दिसली. जशोदाबेन हाक मारायला निघाल्या, तर ताईंनीच त्यांना थांबवलं. म्हणाल्या, "राहू दे. माझी विद्यार्थिनी आहे ती. अजून दोन खेपा आहेत तिच्या."

शिकवायला मी इतकी वर्षं हाच नियम शिकवते आहे. दरवर्षी, न चुकता.

पुण्याला परत जाताना भाचीने पोह्यांचा डबा मला दिला आणि तुळशीला पाणी घालायला घराची किल्ली. तेराव्याला गेले ती माझी दुसरी खेप. काल तिसऱ्यांदा गेले. किल्ली हातात होती, तरी मी आधी दार वाजवलं आणि थांबले... बराच वेळ थांबले. त्यांना उठायला वेळ लागतो.