तक्रारीचा रकाना

माझ्या थोरल्या बहिणीइतकी नियमांना धरून चालणारी बाई मी दुसरी पाहिलेली नाही, आणि पाहायची हौसही नाही. ताई मसाज करते. मसाज म्हटलं की लोकांच्या भुवया वर जातात, म्हणूनही असेल, पण तिच्याकडे सगळं कागदावर असतं. नोंदणीचं प्रमाणपत्र दारासमोरच्या भिंतीवर, त्याखाली विम्याचा कागद, टॉवेल धुतल्याची तारीख कपाटावर. अंगाला हात लावण्याआधी कुठे, कशासाठी, किती वेळ हे सांगायचं आणि सही घ्यायची. आई होती तेव्हा तिची पाठ चोळतानाही ताई विचारायची, "सुरू करू का? नको वाटलं तर लगेच सांग." आई वैतागायची. "अगं, मी तुला जन्म दिलाय. मला कसली परवानगी मागतेस!"

आई गेल्यापासून ताई कामाच्या खोलीमागच्या खोलीत एकटी राहते. दिवसभर लोकांच्या पाठी, माना आणि पोटऱ्या तिच्या हाताखालून जातात. सहाला दार लावलं की तिच्याशी बोलायला चिटपाखरूही नसतं. मी शनिवारी जाते आणि तिच्या फायली लावून देते. त्यासाठीही तिने माझ्याकडून गोपनीयतेच्या कागदावर सही घेतली आहे. सख्ख्या बहिणीकडून!

नोंदणी देणाऱ्या मंडळाची तपासणी सोमवारी होती. आदल्या शनिवारी मी घड्याळवाल्या काकांची फाईल उघडली. पन्नास वर्षं घड्याळांवर वाकून त्यांचा उजवा खांदा आखडला होता. चार वर्षांपूर्वी ते पहिल्यांदा आले, तेव्हापासून दर गुरुवारी चार वाजता येत होते. आता ताईची नोंदणी आहे उपचाराची. म्हणजे येणाऱ्याचं काहीतरी दुखलं पाहिजे, फरक किती पडला ते मोजलं पाहिजे आणि दुखणं गेलं की केस बंद केली पाहिजे. दर वेळी तक्रारीचा रकाना भरावाच लागतो.

मी पानं उलटत होते. उजवा खांदा, उजवा खांदा, उजवा खांदा. मग मध्येच पाच आठवडे डावा. मग पुन्हा उजवा.

"ताई, काकांचं दुखणं हवापालटाला जातं का गं?"

एरवी तिने मला फाडून खाल्लं असतं. त्या दिवशी पान हातात घेऊन ती स्टुलावर बसली.

"त्यांचा खांदा तीन वर्षांपूर्वीच बरा झालाय."

"मग हे काय लिहिलंयस?"

"रकाना रिकामा सोडता येत नाही."

मी डोक्याला हात लावला. तीस वर्षं जिने टॉवेलाची तारीखसुद्धा चुकवली नाही, ती तीन वर्षं दर गुरुवारी खोटं लिहीत होती. आणि खोटं लिहायची सवय नसल्यामुळे तेही धड जमलं नव्हतं. तपासणीत सापडलं असतं तर नोंदणी गेली असती, आणि नोंदणी गेली की कामही गेलं. ताईकडे दुसरं आहे काय?

"काकू गेल्या, मुलं लांब," ती म्हणाली. "त्यांना कुणाचा हात लागत नाही गं. आणि आले की ते मला विचारतात, जेवलीस का म्हणून. आठवड्यातून तेवढं एकदाच कुणीतरी विचारतं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी दर शनिवारी जाते आणि पाय ठेवल्या ठेवल्या फायली कुठे आहेत ते विचारते.

"डाव्याचा उजवा कर," मी म्हटलं. "कोण बघतंय?"

"नाही. आता आणखी खोटं नाही."

सोमवारी तपासणीस बाई आल्या तेव्हा ताईने स्वतःहून ती फाईल पुढे केली. वर चिठ्ठी लावली होती: तीन वर्षांपासून तक्रार नाही, नोंदी मी चुकीच्या केल्या. बाईंनी चष्मा काढून पुसला आणि चिठ्ठी पुन्हा वाचली. मग लेखी ताकीद दिली. नोंदणी राहील, पण केस याच आठवड्यात बंद करायची. आणि नियमाप्रमाणे पुढची दोन वर्षं पेशंटशी घरोबा ठेवायचा नाही.

"अहो, ते एकोणऐंशी वर्षांचे आहेत," मी म्हटलं.

"कळतंय मला," बाई म्हणाल्या. "पण वेगळा नियम नाही."

गुरुवारी केस बंद करताना साक्षीदार म्हणून मी हजर होते. काका इस्त्रीचा शर्ट घालून आले. ताईने त्यांना सगळं सांगितलं, दोन वर्षांचंही. ते म्हणाले, "माझ्यामुळे तुझ्या नोंदणीला धक्का नाही ना लागणार?" ती म्हणाली, "नाही." मग तिने कागदावरचा प्रश्न वाचला.

"उजवा खांदा दुखतो का?"

"हो," काका म्हणाले. "खूप दुखतो."

ताईने त्यांचा हात धरून हळूच वर नेला. तो कुठेही न अडता थेट कानाला लागला. तिने तो जरा वेळ तसाच धरून ठेवला, मग खाली आणला आणि लिहिलं: हालचाल पूर्ण, तक्रार नाही. काकांनी न वाचता सही केली.

गुरुवारचे चार आता एका गुडघेदुखीवाल्या शिक्षिकेला दिले आहेत.

महिन्याभराने आम्ही दोघी औषधांच्या दुकानात रांगेत होतो. पुढे काका दिसले. बाहेर पेशंट भेटला तर आपण आधी ओळख दाखवायची नाही, कारण तो आपल्याकडे येतो हे चारचौघांना कळायला नको. त्याने बोलावलं तरच बोलायचं. हा ताईचा जुना नियम, तो मला पाठ आहे. काका वळले. त्यांनी ताईला पाहिलं. ती नुसती उभी राहिली, वाट बघत. काकांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग रांगेतल्या माणसांकडे, आणि पिशवी छातीशी धरून खाली बघत आमच्या शेजारून निघून गेले.

"हाक मार ना!" मी तिला कोपर मारलं.

"त्यांनी आधी बोलायला हवं," ती म्हणाली.

"ते तुझ्यासाठीच नाही बोलले, ताई."

"माहितीये मला."

आमचा नंबर आला. काय हवंय, असं दुकानदाराने दोनदा विचारलं, पण ताईला काही केल्या आठवेना.