साडभाऊंचं अटलांटा

अमेरिकेतलं अटलांटा शहर पडल्याचं दुःख आमच्या साडभाऊंइतकं खुद्द अटलांटातही कुणाला झालं नसेल. साडभाऊ म्हणजे माझ्या थोरल्या मेहुणीचे यजमान. कोहमाऱ्याला त्यांचा ढाबा. तिथे एक ड्रायव्हर तिकडच्या यादवी युद्धावरचं हिंदी पुस्तक विसरून गेला आणि तेव्हापासून यांची डाळ रोज करपू लागली. "गुलाम ठेवणारे हरलेच पायजे होते," ते म्हणत, "पण नीट हराचं ना. हळूहळू मागं सरकून लढणारा म्हातारा जनरल काढला, अना मारामारीवाला बसवला. म्हातारा राहता तर शहर टिकलं असतं."

दिवाळीनंतर चोरखमाऱ्याकडच्या सासुरवाडीत मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरली, की आम्ही दोघे जावई हजर. सासरे साडभाऊंना खाटेवर शेजारी बसवत आणि मधल्या ताटात युद्ध पेटे. वाटी म्हणजे अटलांटा, शेव म्हणजे रेल्वे, करंज्या म्हणजे पलटणी. एकदा मी राखीव पलटण चहासोबत खाल्ली, तेव्हा कुठे सासऱ्यांचं माझ्याकडे लक्ष गेलं. "जवाईबापू, इथं लढाई चालून राहिली, अना तुमी खाऊन राहिले?" बायकोसुद्धा पदराआड हसली. गोंदिया जंक्शनवर पार्सल सांभाळणाऱ्या माणसाने हे किती सोसायचं? मला खाटेवरची ती जागा हवी होती.

मग एका वर्षी मी सायबर कॅफेत बसून अभ्यासच केला, आणि मंडईच्या दुपारी दक्षिणेकडची शेव बोटाने मोडली. "साडभाऊ, शत्रूने वळसा घालून मागची लाईनच तोडली. माल येणं बंद झालं, तर म्हातारा काय अन् तरणा काय, शहर जाणारच."

सासरे मोडक्या शेवेकडे बघत राहिले. "हे बराबर हाये," म्हणाले, आणि खाटेवर थाप मारून मला शेजारी बोलावलं. साडभाऊ खाली सतरंजीवर सरकले. माझं पार्सलपुराण दोन मिनिटांत संपलं. सासरे जांभया देऊ लागले.

"सारी मजाच गेली. काऊन जिंकले जी तुमी?" बायकोने आतून विचारलं.

मी घाबरून म्हणालो, "साडभाऊ, पुढचं तुम्हीच सांगा."

"नाई, तुमीच सांगा. मले नवीन हाये हे."

तर मी सांगू लागलो. साडभाऊ गुडघ्यांना मिठी मारून ऐकत होते. लाईन तुटली तेव्हा त्यांच्या भुवया चढल्या, शहराला आग लागली तेव्हा डोळे भरले. सासरे माझ्या खांद्याला खांदा लावून बसले होते आणि टक लावून साडभाऊंच्या चेहऱ्याकडे बघत होते. थोड्या वेळाने मीही तिकडेच बघत बोलू लागलो.