जहांगीर मिस्त्री आणि समोरची लाल गाडी

सवत फक्त बाईमाणसालाच असते असं ज्याला वाटतं, त्याने एकदा कळमनुरीच्या नांदेड रोडवर येऊन जहांगीर मिस्त्रीला बघावं. पन्नाशी उलटलेला, दंडाने भरलेला, गाड्यांखालच्या कमानपाट्यांच्या, म्हणजे भार झेलणाऱ्या स्प्रिंगांच्या कामात साऱ्या तालुक्यात ज्याचा हात धरणारा कोणी नाही असा हा माणूस. गोरेगावच्या जीपा त्याच्याकडे येतात, कुरुंद्याहून हळदीचे टेम्पो येतात. पण त्याचं अर्धं लक्ष हातातल्या कामावर आणि अर्धं रस्त्याच्या पलीकडे. पलीकडे रत्नपालचं गॅरेज आहे.

बायको, हलीमा, डबा घेऊन आली की सुनावायची, "खुर्ची तरी इकडं फिरवून बसा. जेवताना बी तिकडंच?"

"मी काय त्याच्याकडं बघून राहिलो? रस्ता बघतो."

"व्हय, रस्ता रत्नपालच्या दारातूनच जातो ना!"

सहा वर्षांपूर्वीपर्यंत जहांगीर आणि रत्नपाल एकाच छपराखाली होते, सतरा वर्षं. रत्नपालचा स्वभाव मोकळा. गिऱ्हाइकाला बसवायचा, चहा पाजायचा, काढलेला झिजका पार्ट हातात देऊन समजावून सांगायचा. जहांगीर सगळा वेळ गाडीखाली. लोकांना त्याचे फक्त पाय दिसायचे आणि पायाला कोण राम राम घालतो? ड्रायव्हर आला की विचारायचा, "रत्नपाल हाय का?" हे वाक्य जहांगीरने सतरा वर्षं पाठीवर झोपून ऐकलं. एकदा गोरेगावच्या एका जीपवाल्याचे पाटे त्याने दिवसभर घाम गाळून बसवले आणि तो गडी जाताना रत्नपालचा हात हातात घेऊन म्हणाला, "तुमच्यासारखा मिस्त्री न्हाई." रत्नपाल म्हणाला होता, "माझं काय, काम जहांगीरचं हाय." पण तोवर जीपवाला निघून गेला होता. महिन्याभरात जहांगीरने वेगळी जागा घेतली, ती बरोबर समोर. गाव काय लहान होतं? पण दुसरीकडून रत्नपाल दिसला नसता.

वाटणी झाली ती जागेची. कामाची वाटणी आधीपासूनच होती आणि तीच पुढे नडली. गाडीखालच्या कामात सगळं खोलणं-जोडणं रत्नपालही करायचा, बोल्ट हातानेच बसवून ठेवायचा आणि मग हाक मारायचा, "जहांगीर, ये. आता तुझं." शेवटची आवळणी जहांगीरची. तो चाकं हवेत असताना कधीच बोल्ट आवळत नसे. गाडी जमिनीवर उतरवायची, रोज जेवढा माल तिच्यात असतो तेवढी पोती तिच्यात टाकायची, ती आपल्या वजनाने खाली बसली की मगच पाना मारायचा. उस्तादाने शिकवलेलं. कारण साधं होतं. बोल्टाभोवती रबराचा बुश असतो. गाडी लटकलेली असताना आवळला की तो त्याच जागी धरून बसतो, आणि गाडी खाली उतरली की जन्मभर पिळलेलाच राहतो.

रत्नपालने एकदा विचारलं होतं, "भार टाकून काहून आवळतो रे?"

"हात लागतो त्याला," जहांगीर हसून म्हणाला होता, आणि रत्नपालने ती त्याची सवय समजून सोडून दिली. अख्ख्या गॅरेजात हीच एक गोष्ट होती, जिच्यासाठी रत्नपालला त्याला हाक मारावी लागायची. ती तो कशाला देईल? झाकली मूठ सव्वा लाखाची. वेगळं झाल्यावर रत्नपालने इंजिनाचं काम धरलं, पाटे-बुश सगळे जहांगीरकडे आले, आणि मूठ झाकलेलीच राहिली.

मग ती लाल गाडी आली.

गाडी डॉक्टर निताची. जनावरांच्या दवाखान्यात नव्याने बदलून आलेली, तिशीची बाई. दिवसा म्हशी तपासायची आणि सुटीच्या दिवशी शर्यतीत गाडी पळवायची. गाडीही वडिलांच्या वेळची, दोन दारांची, दोन सीटांची, जमिनीला पोट टेकेल इतकी खाली. नांदेडजवळ एका मोकळ्या मैदानावर हौशी लोक जमतात, शंकू मांडतात आणि घड्याळ लावून एकेक गाडी वळणावळणाने पळवतात. निता त्यातल्या स्टॉक क्लासमध्ये उतरायची. म्हणजे गाडी कंपनीतून जशी निघाली तशीच हवी. इंजिनाला हात लावायचा नाही, स्प्रिंग कापायची नाही. शॉकअप नवे टाका, कुजलेले बुश बदला, चाकांचा कोन जमवा, एवढीच मुभा. जे आहे तेच नीट बसवणाऱ्याचं ते काम, म्हणजे जहांगीरचंच काम! आणि नांदेडकडून येताना रत्नपालचं गॅरेज डाव्या हाताला लागतं म्हणून बाईने गाडी तिथे घातली.

जहांगीरच्या अंगाचा तिळपापड झाला. चार दिवस त्याने धड जेवण केलं नाही. समोर गर्दी जमायची, पोरं फोटो काढायची, हॉटेलवाला चहा फुकट पाठवायचा. चहा फुकट! जहांगीरच्या तीस वर्षांच्या कामाला त्याने कधी बिस्किट दिलं नव्हतं. "खेळणं हाय खेळणं," तो हलीमाला म्हणाला. "दोन पोती हळद टाकली तर मोडून पडंल." पण मनात एकच होतं. ती गाडी एकदा, फक्त एकदा, आपल्या हाताखालून जावी आणि साऱ्या गावाने म्हणावं की हे जहांगीरचं काम.

चौथ्या दिवशी दुपारी त्याला दिसलं. गाडी लोखंडी घोड्यांवर चढवलेली, चारी चाकं लटकलेली, आणि रत्नपाल लांब पाना लावून, दात आवळून बोल्ट कसून राहिला होता.

"आरं..." जहांगीरच्या तोंडून निघालं आणि त्याने ते तसंच गिळलं. खरं सांगायचं तर त्याला आनंद झाला. चांगला, पोटभर आनंद.

तासाभराने निता स्वतः रस्ता ओलांडून आली. हातात चावी.

"जहांगीरभाई तुम्हीच ना? रत्नपालदादांनी पाठवलं. म्हणाले, शेवटची आवळणी एकदा तुमच्या नजरेखालून जाऊ द्या. येता का दोन मिनिटं?"

जहांगीरने समोर पाहिलं. रत्नपाल फडक्याला हात पुसत इकडेच बघत होता. त्याने हात वर केला. आता तो हात साधाच होता, पण जळणाऱ्या माणसाला साधं काही दिसत नाही. त्याला वाटलं, सगळी मिरवणूक याची आणि आपल्याला बोलवतोय शेवटी शेपूट धरायला.

"मी हितून बघितलंय सारं," जहांगीर म्हणाला. "काम बराबर हाय. बिनधास्त पळवा, डॉक्टरबाई."

एवढं बोलून त्याने पुढच्या जीपखाली अंग टाकलं.

रविवारी गाडी पळाली आणि बावीस जणांत सतरावी आली. काम करण्याआधी ती बारावी यायची. वळणावर बसतच नव्हती, निता सांगत होती. आधी ताठ उभी राहायची आणि मग एकदम कलंडल्यासारखी झुकायची. एकदा तर शंकू उडवून ती गवतात गेली. हॉटेलात ही बातमी जहांगीरने दोन चहा पिऊन ऐकली, दोन्ही स्वतःच्या पैशाने. सोमवारी तो नवा शर्ट घालून गॅरेजवर आला. आता बाई येणार, हात जोडणार, आणि आपण जरा आढेवेढे घेणार.

सोमवारी गाडी पुन्हा रत्नपालच्या दारात लागली. रत्नपालने नवे शॉकअप काढले, तपासले, परत टाकले. मंगळवारी स्टेअरिंग खोललं. बुधवारी अलाइनमेंटसाठी गाडी हिंगोलीला नेऊन आणली. इंजिनाची गिऱ्हाइकं परत जायला लागली, गर्दी पांगली, चहा बंद झाला. जहांगीर जे मागत होता ते सगळं होत होतं, फक्त गाडी रस्ता ओलांडत नव्हती.

गुरुवारी न राहवून त्यानेच हॉटेलात निताला गाठलं. "डॉक्टरबाई, त्याला म्हणावं, आवळणी बघ. बाकी सारं सोड."

"मी कालच म्हटलं," निता म्हणाली. "पण ते तिथे हातच लावत नाहीत. म्हणतात, ते जहांगीरने बघितलंय, तिथे चूक असूच शकत नाही. चूक माझीच, दुसरीकडे कुठेतरी असणार."

जहांगीरने कप खाली ठेवला. इतकी वर्षं तो ज्या शब्दासाठी जळत होता, तो हा शब्द होता, आणि तो ऐकताना त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वेगळं होऊनही रत्नपालने त्याच्या नजरेवर गाडी सोडली होती, आणि आता त्याच्या खोट्यावर विश्वास ठेवून चार दिवस स्वतःची चूक शोधत होता.

तो उठला तो थेट रस्ता ओलांडून गेला. सहा वर्षांत पहिल्यांदा. रत्नपाल गाडीखाली होता.

"रत्नपाल, भाईर ये."

रत्नपाल सरकत बाहेर आला. डोळे लाल, कपाळाला ग्रीस. "बरं झालं आला. काय सुटून राहिलं, कळंना मला. तू तर बघितलं व्हतं ना?"

"बघितलं व्हतं," जहांगीर म्हणाला. "तू चाकं हवेत ठेवून आवळत व्हता तवाच दिसलं. तिथंच चुकलं. मी बोललो न्हाई. बाईला बी खोटं सांगितलं."

रत्नपालने हातातला पाना जमिनीवर ठेवला. तो चिडला असता, दोन शिव्या दिल्या असत्या, तर जहांगीरने त्या खुशीने घेतल्या असत्या.

"काहून आवळायचं न्हाई हवेत?" त्याने विचारलं.

पूर्वी एकदा विचारलेला प्रश्न. या वेळी जहांगीरने सगळं सांगितलं. बुश, पीळ, भार, उस्ताद, सगळं. पाना घ्यायला त्याने हात पुढे केला, तर रत्नपाल म्हणाला, "राहू दे. तू नुसतं सांग."

सगळे बोल्ट सैल झाले. गाडी विटांवर चाकं टेकवून उतरवली, खाली शिरायला जागा राहील इतकीच उंच. निताच्या सीटवर पन्नास किलो हळदीचं पोतं, वर हत्यारांची पेटी. गाडी दाबून दाबून हलवली, बसू दिली. मग रत्नपालने एकेक बोल्ट स्वतः आवळला. शेवटच्या बोल्टाला जहांगीर वाकून म्हणाला, "अजून अर्धा." रत्नपाल म्हणाला, "कळलं." त्याने अर्धा फेरा दिला आणि उठला.

पुढच्या शर्यतीत निता तिसरी आली. रत्नपालने पेढे वाटले. एक पुडा त्याने स्वतः आणून जहांगीरच्या टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "काम दोघांचं." बोलण्यात कडूपणा नव्हता. हलीमाने ऐकलं आणि म्हणाली, "बघा, मिटलं सारं." जहांगीरने पेढा खाल्ला नाही.

पंधरा दिवसांनी निताच्या ओळखीचा एक जण तशीच जुनी गाडी घेऊन रत्नपालकडे आला. काम दोन दिवस चाललं. दुसऱ्या दिवशी दुपारी गाडी विटांवर उतरली, सीटवर पोतं चढलं. आता आवळणीच राहिली, हे जहांगीरने इकडून ओळखलं. त्याने हातातलं काम ठेवलं, हात धुतले, फडक्याला पुसले आणि दारात येऊन उभा राहिला.

रत्नपालने पाना उचलला. एकदाही रस्त्याकडे न बघता तो गाडीखाली शिरला.