मुराळ्याची गाडी

कबाड्याच्या प्लॉटवर ती बाभळीखाली उभी होती. चाकं मातीत रुतलेली, टपावर वेल चढलेला, मागच्या सीटवर कोंबडीनं अंडी घातलेली. मी तिथं ट्रॅक्टरच्या गिअरबॉक्ससाठी गेलो होतो. जुने ट्रॅक्टर घेणं आणि विकणं हा माझा धंदा. बापाच्या नावावर नाही, स्वतःच्या तोंडावर उभा केलेला. पण त्या अँबेसिडरच्या मागच्या दाराशी वाकलो आणि थांबलो. दाराला आतून पितळेची लहानशी राखदाणी बसवलेली होती. झाकण बोटानं उचलून सोडलं. टक्. तसंच वाजलं.

"व्हिंटेज हाय शेठ," कबाडी मागून म्हणाला.

"व्हिंटेज नाई, खुराडं हाय. भाव सांग, अंडे धरून."

"अंडे तुम्हाले फुकट. गाडीचे मात्र पैसे लागन."

मी दोनदा उठून निघालो, दोनदा परत आलो. सौद्यात डोळ्यांत काही दिसू द्यायचं नसतं. त्या दिवशी दिसलं, आणि त्यानं ते पाहिलं. मग त्याचा भाव तसाच राहिला आणि मी तो दिला.

ही गाडी एका जिनिंगच्या शेठची. माझे वडील त्या जिनिंगमध्ये मापाडी होते, कापूस काट्यावर तोलायचे. थोरल्या बहिणीच्या लग्नात शेठनं ही गाडी एका दिवसासाठी दिली होती. या बहिणीला मी बाई म्हणतो. नवरीसोबत तिच्या धाकट्या भावानं सासरी जायचं, अशी आमच्याकडची रीत. मी तेव्हा चड्डीतला पोरगा. मागं खिडकीशी मी, मधे बाई, पलीकडे भाऊजी. पुढं ड्रायव्हरशेजारी बाईची सासू. रस्ताभर मी त्या राखदाणीचं झाकण वाजवत होतो. बाईचं सासर समुद्रपूरला. त्याच्या अलीकडे गाडी थांबली. भाऊजींनी उतरून माझं दार उघडलं.

"उतर बापू. मागच्या ट्रकात बस."

मागच्या ट्रकात वऱ्हाड होतं आणि बाईचं आंदण होतं. मला हंडे आणि लोखंडी पलंगाच्या मधे बसवलं. एक म्हातारा ओरडला, "अरे, नवरीचा भाऊ आंदणात आला का बे?" सगळा ट्रक हसला.

त्या घरचं पाणी प्यायचं नाही, हे मी ट्रकातच ठरवलं. पाळलंही. दिवाळीला लेकीला माहेरी आणायला मुराळी जावा लागतो. वडील होते तोवर ते एसटीनं जायचे आणि तिला घेऊन यायचे. ते गेल्यावर मुराळी मीच. मी गेलो नाही. कुणाच्या लग्नात, कुणाच्या तेरवीत बाई भेटायची, दोन शब्द व्हायचे, तेवढंच. बायको दर दिवाळीला विचारायची. मी म्हणायचो, "जाईन त त्याच गाडीत जाईन." गाडी कुठं गेली हे कुणालाच माहीत नव्हतं, त्यामुळे असं म्हणायला काही लागत नव्हतं. आता ती माझ्या पिपरी मेघेच्या घरी, पोर्चमध्ये येऊन उभी राहिली, आणि बोलेरो रस्त्यावर गेली.

दोन वर्षं माझे रविवार तिच्यात गेले. मागचं फूटमॅट उचललं तर खाली पत्राच नव्हता, पोर्चची फरशी दिसत होती. डेंटर म्हणाला, "पुट्टी भरून देतो शेठ, कोणाच्या बापाले समजत नाई." मी त्याला हाकललंच असतं. पुट्टीखाली गंज मरत नाही, नुसता झाकला जातो. मला हे माहीत असणारच. मी असे ट्रॅक्टर विकले आहेत. गंजलेला पत्रा कापून नवा वेल्ड करायला लावला. दरवाजे मी स्वतः घासले, रेगमालानं, बोटं सोलेपर्यंत. हातात ताकद कमी पडली की तो ट्रक आठवायचो. बंपर नागपूरहून चमकवून आणला. रंग तोच दुधी दिला.

"पोरीच्या कपाटाले रंग द्याले टाइम नव्हता तुम्हाले," बायको म्हणाली. पण सीटचं कापड तिनंच निवडलं. बाई बसणार म्हणून.

माझ्या मनात सगळं ठरलेलं होतं. गाडी त्यांच्या अंगणात उभी करायची. भाऊजींनी पाहायची. दार मी उघडायचं, बाईनं बसायचं, आणि एक शब्द न बोलता निघायचं. दिवाळीत, लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, निघालो. सेल्फ पहिल्या झटक्यात लागला. वर्ध्याबाहेरच्या वळणावर मेडिकलची पोरं गाडीसोबत फोटो काढू लागली. एरवी ओरडलो असतो.

अंगणात भाऊजी सोयाबीनची पोती झाकत होते. केस पांढरे, कंबरेत वाकलेले. हात पुसत पुढं आले. "या भाऊ."

"ओळखली का गाडी?" मी विचारलं.

त्यांनी गाडीकडे पाहिलं. मग घराच्या दाराकडे, जिथं बाई उभी होती. बाई उंबऱ्याच्या आतच थांबली.

"हे कुठून आणली रे?"

"तुह्यासाठी आणली. चाल, तयार हो. मुराळी आला हाय."

"यात नाई बसत मी."

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. "काऊन?"

ती ओसरीवर बसली. "गाडीत माही सासू काय बोलून राह्यली होती, ते आयकलं होतं तू?"

मला फक्त राखदाणी आठवत होती.

"मापाड्याची पोर, म्हणे. मापात खोट असनच. बाबाचं नाव घेऊ घेऊ बोलून राह्यली. तू झाकण वाजवणं बंद केलं होतं. कान टवकारले होते तुहे. मले वाटलं, हा पोरगा हे सगळं आयकन, घरी जाईन, आणि बाबाले जसंच्या तसं सांगन. बाबा जेवला नसता रे. म्हून मीनंच यायले, तुह्या भाऊजीले, हळूच म्हटलं, याले मागच्या ट्रकात बसवा. लग्नानंतर यायच्यासंग बोललेला पहिला शब्द तो."

भाऊजी पोत्यांजवळ पाठ करून उभे होते. ताडपत्रीची दोरी बांधत होते, जी आधीच बांधलेली होती.

"मंग सांगतलं काऊन नाई?" माझा आवाज चढला. "इतके वर्षं मी यायले शिव्या देऊन राह्यलो!"

"सांगतलं असतं त काऊन उतरवलं तेबी सांगा लागलं असतं. बाबा होता तोवर सांगता येत नव्हतं. अन् बाबा गेल्यावर तू आलाच नाई."

"देऊ द्या शिव्या, काई होत नाई, असं मीच म्हटलं होतं इले," भाऊजी न वळता म्हणाले. "गाडी मात्र झकास केली भाऊ. पत्रा बदलला का?"

मला राग आला. खरं सांगतो, तेव्हाही रागच आला, आणि तो कुणावर काढायचा ते समजेना. सासू कधीच गेलेली. समोर एक वाकलेला माणूस माझ्या वेल्डिंगची चौकशी करत होता. बाईनं पाणी आणून दिलं. मी प्यालो. "दोन वर्षं लागले गाडीले," भाऊजींना म्हटलं.

शेवटी भाऊजींनीच तिला समजावलं, "जा व, दोन वर्षं खपला तो." ती बसली. पुढं, माझ्या शेजारी. रस्ताभर तिनं मांडीवरची पिशवी सोडली नाही.

चार दिवसांचं ठरलं होतं. बायकोनं अनारसे केले, पाटवड्या केल्या. पण बाई जिथं माहेरी यायची ती जिनिंगमागची खोली केव्हाच पाडली आहे. या घरात ती पहिल्यांदा येत होती. वास्तूला मी तिला बोलावलं नव्हतं. पाणी घ्यायलाही ती बायकोला विचारायची, "घेऊ का वैनी?" जेवताना पहिल्या पोळीलाच पुरे म्हणायची. संध्याकाळी मी तिला आईविषयी काहीतरी विचारलं, ती म्हणाली, "आता ध्यानात नाई रे." मग आम्ही दोघं टीव्ही पाहत बसलो. माझ्याकडे सौदा सोडून दुसरं बोलणं नाही, आणि तिच्याशी सौदा कशाचा करणार?

भाऊबीजेला तिनं मला ओवाळलं. निरांजन, सुपारी, पाट, सगळं बायकोनं तिच्या हातात आणून दिलं. दुसऱ्या दिवशी मी उठलो तेव्हा ती दिवाणाच्या काठावर बसलेली, पिशवी भरलेली, पदर नीट घेतलेला.

"अजून दोन दिवस हायेत बाई."

"हो रे. पण मले तिकडंच करमते आता. रागावजो नको."

ट्रॅक्टरचं गिऱ्हाईक दारातून परत फिरवून आणणारा माणूस मी. तिथं उभा राहिलो आणि चावी घेतली.

जाताना ती मागं बसली, मीच म्हटलं, पाय पसरता येतील म्हणून. सेलू-वर्ध्याकडून येणाऱ्या कापसाच्या गाड्या सुरू झाल्या होत्या. थोड्या वेळानं आरशात पाहिलं तर बाई झोपली होती, तोंड थोडं उघडं, हात पिशवीवरून घसरलेला. तीन दिवसांत पहिल्यांदा ती माझ्याजवळ सैल झाली होती. समुद्रपूर फार लांब नव्हतं. मी गाडी तिसऱ्या गिअरवर घेतली, मग दुसऱ्या. मागचा एसटीवाला हॉर्नवर हॉर्न देत राहिला, शेवटी बाजूनं काढून खिडकीतून मला शिवी देऊन गेला. मी काही बोललो नाही. ती उठली असती.