दाणे की शेंबूड?

ताईला नेलं तेव्हा मी लॅबमध्ये मायक्रोस्कोपला डोळा लावून हसत होते.

लिहायलाही लाज वाटतेय. पण लिहितेय.

शुभदाताई माझी लॅबमधली सीनियर. घोडबंदरच्या खाडीतलं एकपेशीय शेवाळ आणायचं, पेशी फोडायची आणि आतलं केंद्रक अख्खं बाहेर काढायचं, हे आमचं काम.

पेशीची भिंत कडक, केंद्रक नाजूक. जोर कमी पडला तर पेशी फुटत नाही. जास्त झाला तर केंद्रकच फुटतं आणि ट्यूबमध्ये नुसता चिकट लगदा.
ताई त्याला सरळ शेंबूड म्हणायची.

आणि केंद्रकं अख्खी निघाली, तर रंग लावल्यावर दिसतात निळे निळे दाणे. या शेवाळाचे दाणे आम्हाला कधीच मिळाले नव्हते.

आजारपणात ताई नवघरला घरीच होती. तरी रोज संध्याकाळी मी फोन करायचा, हे ठरलेलं.
"काय गं, दाणे की शेंबूड?"
"शेंबूड."
"अगं बाई, पेशी फोडतेयस की नारळ? हात हलका ठेव!"

आज सकाळी तिच्या मिस्टरांचा, विनयभावजींचा फोन आला.
"गेली गं ती. दुपारी नेतोय."
"निघतेच," म्हटलं मी.

निघाले नाही.
सॅम्पल बर्फावर होतं, सोडलं असतं तर वाया गेलं असतं. जाऊ दे की मग! शेवाळच ते, खाडीत ढीगभर पडलंय!
पण नाही. म्हटलं, एवढं उरकते.

आणि दाणे आले. अख्खे, गोल, निळे.
मी ओरडलेच आनंदाने. फोटो काढला आणि सवयीने ताईलाच पाठवला.

पाठवल्यावर आठवलं.

तशीच धावत निघाले, तर केबिन रोडला रिक्षा ट्रॅफिकमध्ये अडकली. पोचले तोवर सगळे स्मशानातून परतलेसुद्धा होते.

भावजी दारातच बसले होते, हातात ताईचा फोन. वाटलं, आता चांगलं झापतील. झापायलाच हवं होतं.
त्यांनी फोटो पुढे केला.
"हे दाणेच ना गं? कालपण विचारत होती, तुझा फोन आला का म्हणून."

काल मी फोन केला नव्हता. पुन्हा शेंबूडच, काय सांगायचं, म्हणून.

मान वर होईना माझी. "हो भावजी, दाणेच," एवढंच बोलले.

ताई, श्रद्धांजली वाहायला तोंड नाही मला.
दाणे आले गं. मीच वेळेवर आले नाही.